एक डॉक्टर म्हणतो हाडावर भार टाका, दुसरा म्हणतो टाकू नका. हाडाचं स्वतःचं म्हणणं काय?

मंजिरी_म

घरात सध्या दोन पेशंट आहेत आणि दोघांत शीतयुद्ध चालू आहे.

बाबा (७४) बाथरूममध्ये घसरले, मांडीचं हाड मोडलं, आत रॉड टाकला. दुसऱ्याच दिवशी फिजिओवाली मुलगी वॉकर घेऊन हजर. "काका, पाय टेकवा, वजन द्या, जितकं चालाल तितकं हाड लवकर जुळेल."

आईची (६८) खालची दाढ गेल्या वर्षी काढली होती, तिथे महिन्याभरापूर्वी टायटॅनियमचा स्क्रू बसवला. तिचे दातांचे डॉक्टर म्हणतात, तीन महिने त्या बाजूने शेंगदाणासुद्धा चावायचा नाही, हाडाला शांतपणे धरू द्या.

आई म्हणते, "यांना मोडकं हाड घेऊन चालवतात आणि मला धडधाकट जबड्याने चावू देत नाहीत. दोघांतला एक डॉक्टर नक्की फेकतोय."

भरीला भर म्हणजे स्क्रू बसवायच्या आधी आम्ही आणखी एका ठिकाणी गेलो होतो. तिथे रिसेप्शनवरच सांगितलं की आमचा स्क्रू खास खरखरीत आहे, हाडाच्या पेशींना तो पृष्ठभाग आवडतो, त्यामुळे आजच दात लावून घरी जा. पेशींना आवडतो म्हणजे काय? त्यांना बोटं आहेत का चाचपायला?

जाणकारांनी कृपया उलगडा करावा. सोप्या भाषेत.

चहाटळ

पेशींना खरखरीत आवडतं, सासूबाईंना सुती आवडतं. ज्याची त्याची आवड. मी बसलोय, चहा घेऊन.

लेथवाला

यात गूढ काही नाही. जुन्या गिलाव्यावर नवा गिलावा चढवायचा असेल तर गवंडी आधी टाचे मारतो. गुळगुळीत भिंतीवर माल धरत नाही. लहानपणी दारावर "पाट्याला टाकी लावायची काऽऽ" ओरडत बाया यायच्या ते आठवतंय का? तेच. खाचा असल्या की पकड येते. स्क्रू खरखरीत केला की हाड खाचांत शिरतं, घट्ट बसतं. पेशींची आवडनिवड वगैरे सेल्समनची भाषा.

आणि भाराचं म्हणाल तर काँक्रीट ओलं असताना त्यावर कोणी गाडी घालत नाही. आईंचं काँक्रीट ओलं आहे. बाबांचा रॉड म्हणजे सेंटरिंग. मामला खतम.

मंजिरी_म

लेथवाला, पटलं. पण मग बाबांना "चालाल तितकं लवकर जुळेल" का म्हणाले? काँक्रीटवर गाडी घातल्याने ते लवकर सुकतं का?

लेथवाला

हं. तिथे माझी उपमा पंक्चर.

दंतकथा

मी दंतवैद्य आहे, ठाण्यात प्रॅक्टिस. आधी थोडा इतिहास, कारण तो मजेशीर आहे आणि मला सांगायला आवडतो.

ब्रेनमार्क नावाचा स्वीडिश डॉक्टर. १९५२ साली लुंडमध्ये तो दातांवर काम करतच नव्हता. हाडात रक्त कसं वाहतं ते जिवंत सशाच्या पायात बघायचं म्हणून त्याने टायटॅनियमची एक छोटी नळकांडी हाडात बसवली, आत काच. प्रयोग संपल्यावर महागाचं नळकांडं परत वापरायला काढायला गेला तर निघेना. हाड धातूला येऊन चिकटलं होतं, मध्ये मऊ पेशीजालाचा थर नाही. दुसऱ्या कोणी शिव्या घालून हाड फोडलं असतं. याने दातांचा विचार केला. १९६५ मध्ये पहिल्या पेशंटला बसवलेले इम्प्लांट (नव्या दातासाठी जबड्यात बसवायचे असे स्क्रू) त्या पेशंटच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त टिकले.

ब्रेनमार्कचे ते जुने स्क्रू साधे मशीनवर कातलेले होते, बऱ्यापैकी गुळगुळीत. त्याचा नियम होता खालच्या जबड्यात तीन महिने, वरच्यात सहा महिने थांबा. नंतर स्क्रूवर अ‍ॅल्युमिनाच्या कणांचा मारा करून मग आम्लात बुडवायची पद्धत आली. माऱ्याने मोठे खड्डे पडतात आणि आम्लाने त्या खड्ड्यांत आणखी दोन-चार मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक खड्डी पडते. अशा स्क्रूंमुळे चांगल्या हाडात थांबायचा काळ बारा आठवड्यांवरून सहावर आला. तेव्हा मंजिरीताई, "खरखरीत" ही थाप नाही. "आजच दात" हे मात्र पेशंट बघून ठरतं, रिसेप्शनवर ठरत नाही.

लेथवाला

दंतकथा, खरखरीतपणा किती? आरए व्हॅल्यू (वर्कशॉपमधलं खरखरीतपणाचं माप) सांगा की.

दंतकथा

आम्ही क्षेत्रफळावर मोजतो, त्यामुळे तुमच्या आरएशी थेट तुलना नको. पण साधारण एक ते दोन मायक्रॉन. त्याहून गुळगुळीत असेल तर हाड कमी धरतं, आणि फार खरखरीत केलं तरी पुढे फायदा वाढत नाही.

लेथवाला

एक ते दोन?? अहो भोसरीत कुठल्याही वर्कशॉपमध्ये लेथवर नीट फिरवलेला जॉब १.६ ला येतो. यासाठी एवढे पैसे घेता?

चहाटळ

पुढच्या इम्प्लांटला लेथवालांकडे. जीएसटीसकट.

पेशीवाली

मी हाडाच्या पेशी वाढवायच्या लॅबमध्ये सहा वर्षं काढली आहेत, म्हणून लेथवालांच्या गिलाव्याला थोडे टाचे मारते. :)

खाचांत हाड अडकून पकड येते हे खरंच आहे. पण तेवढंच असतं तर ताटलीत, जिथे हाड नाही की भार नाही, तिथे पृष्ठभागाने काहीच फरक पडायला नको होता. पडतो. हाड बांधणाऱ्या पेशी, ऑस्टिओब्लास्ट, गुळगुळीत टायटॅनियमवर टाकल्या तर त्या पसरतात, पोळीसारख्या चपट्या होतात आणि भराभर संख्या वाढवतात. खरखरीत टायटॅनियमवर त्याच पेशी कमी वाढतात, पण कामाला लागतात: हाडाची प्रथिनं बनवायला घेतात, खनिज धरतात. मला पहिल्या वर्षी वाटलं होतं की माझा प्रयोग बिघडला, कारण खरखरीत चकतीवर पेशीच कमी दिसत होत्या. गाईडने सांगितलं, डोकी मोजू नकोस, कोण काम करतंय ते बघ.

आता बोटांचा प्रश्न. मंजिरी, आहेत! पेशीच्या कडेने बारीक धाग्यांसारखे फाटे बाहेर येतात, ते जमीन चाचपत पुढे सरकतात. सूक्ष्मदर्शकाखाली टाइमलॅप्स लावला की अंधारात भिंत चाचपत स्विच शोधणाऱ्या माणसाची आठवण येते. जिथे धरण्यासारखं काही सापडतं तिथे इंटिग्रिन नावाचे रेणू घोळक्याने जमतात आणि हूक घालतात. त्या हुकांना आतून दोर बांधलेले असतात, ते थेट केंद्रकापर्यंत ताणलेले. पेशी दोर ओढून बघते. जमीन किती दाद देते, हूक किती दाट बसले, आपण पसरलोय की आक्रसलोय, यावरून कुठली जनुकं चालू करायची ते ठरतं.

एक प्रयोग मला फार आवडतो. ग्लासगोच्या गटाने २००७ मध्ये प्लॅस्टिकवर १२० नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) खड्डे पाडले. एका तुकड्यावर चौकोनी जाळीत अगदी रांगेत, दुसऱ्यावर तेच खड्डे जरा इकडेतिकडे सरकवून. रांगेतल्या खड्ड्यांवर मूळ पेशींनी (स्टेम सेल) फारसं काही केलं नाही. किंचित विस्कटलेल्या खड्ड्यांवर त्याच पेशी हाडाच्या दिशेने निघाल्या, एरवी त्यासाठी घालावी लागणारी रसायनं न घालता. १२० नॅनोमीटरच्या खड्ड्यात कुठला गिलावा अडकतो, सांगा बघू, लेथवाला.

लेथवाला

मान्य. टाचे परत घेतले. पण विस्कटलेलेच का? माझा हेल्पर असे विस्कटलेले भोकं पाडतो तेव्हा मी त्याला ओरडतो.

पेशीवाली

पूर्ण उत्तर कोणाकडे आहे असं मला वाटत नाही. माझ्यापुरती समजूत अशी आहे की शरीरात हाडाचा पृष्ठभाग कधीच सुबक नसतो. जुनं हाड खाणाऱ्या पेशी, ऑस्टिओक्लास्ट, आम्ल सोडून हाडात खळगे करत जातात. त्या खळग्यांत बांधणाऱ्या पेशी येऊन नवं हाड भरतात. म्हणजे खळगेवाली, आम्लाने कुरतडलेली जमीन हीच त्यांची रोजची साइट. दंतकथांचे लोक स्क्रू आम्लात बुडवतात तेव्हा नकळत ऑस्टिओक्लास्टचीच नक्कल करतात.

दंतकथा

हे मला कॉलेजात कोणी असं सांगितलं असतं तर दोन मार्क जास्त पडले असते.

शंकेखोर

सगळं छान. पण खरखरीत इतकं चांगलं तर पूर्ण स्क्रू खरखरीत का नसतो? माझ्या स्क्रूचा फोटो बघितला, मानेपाशी चकचकीत आहे. कंपनीने तिथे पैसे वाचवले का?

दंतकथा

उलट आहे. खरखरीत जागा फक्त हाडालाच आवडते असं नाही, जंतूंनाही आवडते. हिरडीपाशी तो भाग उघडा पडला की किटण धरतं, ब्रशने निघत नाही, आणि मग इम्प्लांटभोवतीचं हाड हळूहळू झिजतं. म्हणून बऱ्याच डिझाइनमध्ये हाडातला भाग खरखरीत आणि हिरडीजवळची मान गुळगुळीत.

हाडाचा_वैद्य

ऑर्थो रेसिडेंट, ड्यूटी संपवून आलो. धागा वाचून झोप उडाली. मूळ प्रश्न अजून तसाच आहे: भार टाकायचा की नाही? दोन्ही डॉक्टर बरोबर आहेत, आणि दोघांचा नियम एकच आहे.

आधी शब्द. इंजिनियर लोक ज्याला स्ट्रेन म्हणतात, म्हणजे मूळ लांबीच्या मानाने किती ताणलं किंवा दबलं...

लेथवाला

मराठी माध्यमात आम्हाला त्याला "विकृती" शिकवलं होतं. "हाडाला विकृती हवी" असं लिहू नका, लोक घाबरतील.

हाडाचा_वैद्य

:) स्ट्रेनच म्हणू. मोडलेल्या हाडात दोन टोकांमध्ये फट असते. त्या फटीत स्ट्रेन किती, याचं गणित शाळकरी आहे: हालचाल भागिले फट. परेन नावाच्या स्विस सर्जनने मांडलेला हिशेब असा: सुरुवातीचं मऊ पेशीजाल शंभर टक्के ताणलं तरी टिकतं, कूर्चा (कार्टिलेज) साधारण दहा टक्क्यांपर्यंत, आणि हाड दोनच टक्के. जिथे स्ट्रेन दोन टक्क्यांच्या वर आहे तिथे हाड तयार होऊच शकत नाही, तिथे आधी मऊ जाल, मग कूर्चा, मग हाड अशी पायरी-पायरीने बांधणी होते. प्रत्येक पायरीला जागा जरा घट्ट होते, स्ट्रेन कमी होतो, पुढच्या पायरीला वाव मिळतो.

आता बाबा. रॉड आहे, त्यामुळे टोकं फार हलत नाहीत, पण पाय टेकला की किंचित दबतात. हालचाल थोडी आणि ती पसरते मोठ्या भागात. म्हणून स्ट्रेन माफक, आणि असा माफक, पुन्हापुन्हा येणारा दाब मिळाला की भोवती नव्या हाडाचा गोळा जोमाने धरतो.

आता आई. स्क्रू आणि हाड यांच्यात फट म्हणायचीच तर काही मायक्रॉनची. समजा ५० मायक्रॉन. आईंनी शेंगदाणा चावला आणि स्क्रू २०० मायक्रॉन हलला. २०० भागिले ५०, स्ट्रेन चारशे टक्के. कूर्चासुद्धा टिकणार नाही, हाड कुठून होणार? तिथे दोऱ्यांसारखं मऊ जाल धरतं आणि स्क्रू कायमचा डुगडुगतो. साधारण दीडशे मायक्रॉनच्या वर हालचाल गेली की हा धोका, असं इम्प्लांटवाले धरून चालतात. दीडशे मायक्रॉन म्हणजे जाड कागदाची जाडी. आईंना तो हलताना कळणारही नाही.

म्हणजे बाबांचा वॉकर आणि आईंचा शेंगदाणा यांत डॉक्टरांचा मतभेद नाही, फटीच्या मापाचा फरक आहे.

मंजिरी_म

हे मी आईला आत्ता मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या बाबांची फट मोठी." बाबा वॉकर आपटत गॅलरीत गेले.

चहाटळ

+१ बाबा. गॅलरीपर्यंतचा भार हाडाला मोजून द्यावा.

सुलभाआजी

माझं वय ७१. सगळं कळलं नाही, पण एक विचारते. आमच्या आया-आज्या डोक्यावर दोन दोन हंडे घेऊन नदीवरून यायच्या. इतका भार पडूनही म्हातारपणी कंबरेत वाकलेल्या बघितल्यात मी. मग भाराने हाड मजबूत होतं हे कसं?

पेशीवाली

आजी, हा प्रश्न लाखमोलाचा आहे. १९८०च्या दशकात रुबिन आणि लॅनियन यांनी पक्ष्याच्या पंखाच्या हाडावर प्रयोग केले. एका गटात भार सतत ठेवून दिला, दुसऱ्यात तो दाबायचा-सोडायचा. नुसता ठेवलेला भार हाडाला भार वाटलाच नाही, हाड उलट झिजलं. दाबून-सोडून मात्र वाढलं. आणि किती वेळा दाबायचं? दिवसाला ३६ वेळा पुरलं. १८०० वेळा दाबूनही त्याहून जास्त फायदा झाला नाही. हाड थोडं ऐकतं, समजतं आणि मग कान बंद करतं. काही तासांची विश्रांती दिली की परत ऐकायला लागतं.

कारण असं की हाडात ऐकणारे वेगळे आहेत. बांधणाऱ्या पेशींपैकी काही हाडातच गाडल्या जातात, त्यांना ऑस्टिओसाइट म्हणतात. हाडातल्या दहा पेशींपैकी नऊ याच. प्रत्येकीला डझनावारी लांब फाटे, बारीक नळ्यांतून शेजारणींना जोडलेले, नळ्यांत पाणी. हाड वाकलं की ओला स्पंज पिळल्यासारखं ते पाणी सरकतं आणि फाट्यांना घासून जातं. चालताना हाड स्वतः तर एक-दोन दशांश टक्कासुद्धा वाकत नाही, ताटलीतल्या पेशीला एवढ्या स्ट्रेनची दखलही नसते. पाण्याच्या त्या धक्क्याने तो इशारा मोठा होतो. हंडा डोक्यावर स्थिर असला की पाणी स्थिर. पावलागणिक धक्का बसतो तेवढाच काय तो उपयोग.

(आज्या वाकल्या त्याला पाळी गेल्यानंतरची झीज, खाण्यातली कमतरता, बाळंतपणं अशी बरीच कारणं असतील. एकट्या हंड्याला दोष नको.)

सुलभाआजी

मग मंगळागौरीची फुगडी, पिंगा, कोंबडा? त्यात तर सगळं उडणंच आहे.

पेशीवाली

आजी, हाडाच्या दृष्टीने फुगडी पोहण्यापेक्षा केव्हाही भारी! पोहणं हृदयाला उत्तम, पण पाण्यात धक्का नाही. टेनिसपटूंच्या खेळणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा एक तृतीयांशापर्यंत जाड मोजलं गेलंय. उलट अंतराळवीरांचं कमरेच्या भागातलं हाड महिन्याला एक ते दीड टक्का जातं, व्यायाम न केल्यास.

हाडाचा_वैद्य

आजी, फुगडी ७१ व्या वर्षी लगेच सुरू करू नका, प्लीज. आधी डेक्सा स्कॅन (हाडाची घनता मोजायची तपासणी), मग पिंगा. पडलात तर माझी ड्यूटी वाढते.

शंकेखोर

म्हणजे जिममध्ये थरथरणाऱ्या पाटावर उभं राहायचे पैसे घेतात, ते बरोबर?

हाडाचा_वैद्य

प्राण्यांत छान निकाल आले, माणसांत निकाल मिळमिळीत आहेत. मी पैसे देणार नाही. दोरीच्या उड्या फुकट आहेत, हाड ठणठणीत असेल तर त्या मारा.

जाता जाता आमच्या बाजूची चूकही सांगतो. खुब्याच्या सांध्याचे जुने जाडजूड धातूचे दांडे मांडीच्या हाडात ठोकायचे. धातू हाडाच्या कितीतरी पट ताठ, सगळा भार तोच उचलायचा. वरच्या हाडाला काही कामच उरायचं नाही, आणि एक्स-रेत दरवर्षी ते पातळ होत गेलेलं दिसायचं. एका निवृत्त सरांनी आम्हाला असे फोटो ओळीने लावून दाखवले होते. दांडा एकही सैल नाही, पण भोवतीचं हाड विरत चाललेलं. ते म्हणाले, "हा पेशंट म्हणजे घरजावई. काम नाही, तरी तक्रार नाही."

चहाटळ

घरजावई म्हणून निषेध नोंदवतो. भांडी मी घासतो.

शंकेखोर

दंतकथा, एक राहिलं. मंजिरींच्या आईला आता महिना झालाय. स्क्रू पहिल्याच दिवशी घट्ट बसला असेल ना? मग आता तर जास्त घट्ट असायला हवा. थोडं थोडं चावायला काय हरकत?

दंतकथा

इथेच बहुतेक पेशंट फसतात. पहिल्या दिवसाची घट्टी सुताराची असते. भोक किंचित लहान, स्क्रू पिळून बसवला. त्या पिळण्यात कडेचं हाड दबतं, मरतं, मग ऑस्टिओक्लास्ट येऊन ते साफ करतात. नवं हाड अजून यायचं असतं. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास स्क्रू पहिल्या दिवसापेक्षा सैल असतो. पेशंटला मात्र तेव्हाच वाटतं की दुखत नाही, सगळं झालं. माझ्या एका पेशंटने नेमक्या चौथ्या आठवड्यात कुरडई फोडली. पुढची कहाणी सांगत नाही, त्यांनी मला माफ केलंय.

मंजिरीताई, आई आता नेमक्या त्याच खड्ड्यात आहेत. डॉक्टरांना सांगून आयएसक्यू, म्हणजे स्क्रू किती घट्ट आहे तो आकडा, मोजून घ्या. स्क्रूवर एक छोटी खुंटी लावतात, चुंबकाने ती कंप पावते, यंत्र आकडा देतं. १ ते १०० मध्ये सत्तरच्या वर असला तर निवांत.

मंजिरी_म

(नऊ आठवड्यांनी धागा वर काढतेय.)

आकडे मिळाले. बसवला त्या दिवशी ६६ होता, डॉक्टरांच्या कार्डावर लिहिलेलाच होता, आम्ही बघितला नव्हता. इथे विचारल्यानंतरच्या आठवड्यात मोजला तेव्हा ५९. आईचा चेहरा पडला, डॉक्टर म्हणाले, असाच येतो, गप्प बसा आणि डाव्या बाजूने जेवा. काल ७५. पुढच्या सोमवारी कॅप बसवणार.

बाबा आता काठीवर आहेत. एक्स-रेत मोडलेल्या जागेभोवती मस्त ढगासारखा गोळा दिसतोय. ते तो फोटो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

आईने सोमवारसाठी शेंगदाण्याची चिक्की करून ठेवली आहे. दंतकथा, चालेल ना?

दंतकथा

कॅप बसू द्या. पहिले काही दिवस वरणभात. चिक्की मला कुरिअर करा.